रेट्रो बास्केटबॉल बूट: डोळ्यांना आवडतात, चवड्याला नाही. काय करावं?

रानजाई

मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, त्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

नव्वदच्या दशकात सांगलीला कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळायचे. सिमेंटचं कोर्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि दर दोन-तीन महिन्यांनी चवड्याखाली भोक. होस्टेलवर माझ्या मैत्रिणीने कपाटाच्या दाराला आतून मायकल जॉर्डनचं पोस्टर लावलं होतं. बाकीच्या त्याची उडी बघायच्या, मी बूट बघायचे. असे बूट आपल्यालाही कधीतरी मिळावेत हे तेव्हापासून मनात होतं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आता अठरा वर्षं शिकागोच्या एका उपनगरात राहते. मुलगा कॉलेजात आहे. त्याने सुट्टीतल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून माझ्यासाठी जुन्या धर्तीचे बास्केटबॉल बूट आणले. १९८० च्या दशकातला नमुना, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, लेदरचे. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष बुटाचा की मापाचा हेच मला अजून कळलेलं नाही. खोकं उघडलं तेव्हा मला खरंच रडू आलं.

गेल्या शनिवारी ते घालून शहरात गेले. युनियन स्टेशनपासून चालत मिशिगन अव्हेन्यू, तिथून तळ्याच्या काठाने फील्ड म्युझियम आणि परत. सगळं मिळून नऊ-दहा किलोमीटर झालं असेल. परतताना गाडीत बूट काढून बसावं लागलं. दोन्ही टाचा सोललेल्या, डाव्या पायाच्या करंगळीचं नख काळंनिळं, आणि चवडे तव्यावर ठेवल्यासारखे.

असे बूट असेच असतात का? वापरून सैल होतील का? की नुसते बघायलाच ठेवायचे? मुलाला अजून काही सांगितलेलं नाही.

खोकी_जपणारा

ताई, पहिला परिच्छेद वाचून थांबलो, मग पुढे वाचलं. माझ्याकडे आज एकतीस जोड आहेत, त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

तुमच्यासारखंच खुद्द जॉर्डनचंही झालं होतं. ८ मार्च १९९८, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. शिकागो बुल्स संघाच्या जर्सीत तिथला तो त्याचा शेवटचा सामना. जुन्या दिवसांची आठवण म्हणून त्याने पहिल्या हंगामातले एअर जॉर्डन १ बाहेर काढले आणि तेच घालून खेळला. तेरा वर्षांत पाय थोडा वाढलेला, बूट अर्ध्या मापाने लहान. मध्यंतरापर्यंत पायांतून रक्त येत होतं. तरी बूट बदलले नाहीत, कारण खेळ चांगला होत होता. ४२ गुण काढले. स्वतः जॉर्डन, स्वतःच्या नावाचे बूट, आणि पाय रक्ताळलेले. हे बूट इतके का आवडतात हे मला कुणी विचारलं की मी हा सामना सांगतो.

देखणेपणाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. नायकीचे एअर जॉर्डन १ (१९८५) आणि डंक (त्याच वर्षीचा) दोन्ही पीटर मूर यांनी काढलेले. बाजूने बघा, सोल सपाट आणि बारीक, त्यावर लेदरचे वेगवेगळे तुकडे, प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो. सगळं वजन जमिनीलगत, त्यामुळे जीन्सखाली, सलवारीखाली, साडीखालीसुद्धा नीट बसतो. आताचे खेळायचे बूट बघा, फोमचा जाड थर, टाच फुगलेली. पायाला ते नक्कीच बरे, पण नजर ठरत नाही. जो बारीक सोल या बुटाला रूप देतो तोच तुमच्या चवड्याला त्रास देतो. दोन्ही एकदम मिळणं अवघड आहे.

पण म्हणून कपाटात ठेवू नका. बूट पायातच शोभतात.

कुंदकळी

वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त माझे कॅनव्हासचे आहेत.

भीमथडी

मला या वस्तूंचं आकर्षण कधी वाटलं नाही, म्हणून जरा वेगळं मत मांडतो. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

१९८५ साली जॉर्डनचा बूट ६५ डॉलरला होता. आज त्याच आकाराचा नवा जोड साधारण १८० डॉलरला. महागाई धरली तर भाव फार वाढलेला नाही, हे मान्य. पण चाळीस वर्षांत सोलच्या फोममध्ये केवढी सुधारणा झाली, आणि आपण पैसे मोजतो ते चाळीस वर्षांपूर्वीच्या सोलसाठी. २०२२ मध्ये तर नवे बूट जुने दिसावेत म्हणून घोट्याजवळच्या काळ्या लेदरला कारखान्यातच भेगा पाडलेली आवृत्ती आली. पुतण्याने मोठ्या हौसेने घेतली. त्याला आनंद झाला हे मी पाहिलं, पण मला ते पटलं नाही.

कोल्हापुरी चप्पलही पहिले काही दिवस चावते. पण तिला तेल पाजलं, चार दिवस पायात राहिली की ती पायाची होते. या रबरी बुटांचं तसं होतं का? होत असेल तर माझा आक्षेप बराचसा मागे घेईन.

शिवणयंत्र

भीमथडी काकांच्या प्रश्नाचं उत्तर: वरचं लेदर पायाचं होतं, खालचा सोल फारसा होत नाही. मी आंबूरच्या एका बूट कारखान्यात अकरा वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

या जुन्या बास्केटबॉल बुटांत मुख्यतः दोन प्रकारची बांधणी असते.

पहिली व्हल्कनाइज्ड. कॉन्व्हर्स ऑल स्टार हे तिचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, १९१७ पासूनचं. कॅनव्हास लास्टवर ओढायचा (लास्ट म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, बुटाचं माप आणि रुंदी सगळी त्यावर ठरते), खाली रबर, कडेने रबराची पट्टी, आणि मग अख्खा बूट भट्टीत. उष्णतेने रबर एकजीव होतं. असा बूट मऊ वाकतो, पण पायाखाली जवळजवळ काही नसतं. कुंदकळी, तुमचा प्रश्न इथला आहे. कॉन्व्हर्सनेच २०१३ मध्ये चक ७० काढला. दिसायला जुना, पण कापड जाड आणि आतला सुखतळा जास्त भरीव. दोन्ही घालून बघा, फरक लगेच कळेल.

दुसरी कपसोल. यात रबराचा एक खोल ट्रे आधी साच्यात काढतात, वरचा भाग त्यात बसवतात, चिकटवतात आणि कडेने शिवतात. रानजाई, तुमच्या बुटाच्या रबरी कडेवर सगळीकडून टाके दिसत असतील तर तो हाच. नायकीचा एअर फोर्स १, आदिदासचा सुपरस्टार, डंक, जॉर्डन १ सगळे याच घराण्यातले.

कपसोलबद्दल लोकांची एक ठाम चुकीची समजूत असते. बाहेरून सोल दोन-तीन सेंटिमीटर जाड दिसतो, म्हणून वाटतं की पायाखाली तेवढी गादी आहे. तसं नाही. जे दिसतं ती ट्रेची भिंत. पाय आत खाली बसतो. चवड्याखाली रबराचा तळ, एक पातळ फोम आणि सुखतळा, एवढंच. टाचेत थोडी जागा असते, तिथे फोम किंवा हवेची पिशवी. १९८२ च्या एअर फोर्स १ मध्ये नायकीने ही हवेची पिशवी पहिल्यांदा बास्केटबॉलच्या बुटात घातली. जॉर्डन १ मध्येही ती टाचेत आहे. मूळ डंकमध्ये ती नव्हतीच. म्हणून एकाच माणसाने काढलेले, दिसायला सख्खे भाऊ वाटणारे हे दोन बूट टाचेला वेगळे लागतात.

आणि हा सोल कशासाठी काढला होता? एअर फोर्स १ च्या तळाला चवड्याखाली गोल गोल वर्तुळं आहेत ना, ब्रूस किलगोर यांनी ती एका पायावर गिरकी घेता यावी म्हणून ठेवली. तीही मेपलच्या लाकडी कोर्टवर. लाकडी कोर्ट स्वतः थोडं दबतं, धक्का पितं. शिकागोचा फुटपाथ पीत नाही. नऊ किलोमीटर तेच रबर सिमेंटवर आपटलं की चवडे पेटणारच.

हे झालं चवड्यांचं. टाच सोलणं आणि नख काळं होणं मात्र मला मापाचं लक्षण वाटतं. मुलाने माप कसं ठरवलं?

नागपाडा_कोर्ट

शिवणयंत्र, फार छान समजावलंत. मुंबईहून थोडी भर घालतो.

मी मस्तान तलावाच्या कोर्टवर वाढलो. नागपाड्यात बास्केटबॉल कसा खेळतात हे माहीत असलेल्यांना सांगायला नको. एकच हात जोडून विनंती: रेट्रो घालून सामना खेळू नका. १९८५ साली तो सर्वात चांगला बूट होता आणि तेव्हाच्या लोकांनी त्यात कमाल केली, पण आज हाताशी याहून सुरक्षित बूट आहेत. आमच्याकडची मुलं रेट्रो घालून कोर्टवर येतात, पिशवीतून खेळायचे बूट काढतात, खेळ संपला की परत रेट्रो. मला ती पद्धत आवडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीला किंग्ज आणि पेसर्स या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) संघांचे सामने झाले तेव्हा प्रेक्षकांत मी जेवढे जुने जॉर्डन पाहिले तेवढे आयुष्यात एकत्र पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्याकडे कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. जॉर्डन ३ (१९८८), जॉर्डन ४ (१९८९) अशा बुटांचा मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो. हवेतली वाफ त्यात शिरते आणि त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बाहेरून बूट कोरा करकरीत, आणि एक दिवस घालून जिना उतरावा तर सोलचा भुगा. माझ्या एका जोडीचं असंच झालं. कंपनीचा दोष नाही, मी ते अकरा वर्षं खोक्यात जपले होते. जपून ठेवलेले बूट वापरातल्या बुटांच्या आधी जातात असं जाणकार सांगतात, आणि माझा अनुभव तोच आहे. तेव्हा खोकी_जपणारा यांना माझं मनापासून सांगणं, एकतीस जोड फिरते ठेवा.

ताईंचा बूट कपसोलचा असेल तर ही भीती बरीच कमी. रबर कडक होतं, पिवळं पडतं, पण असं विरघळत नाही.

खोकी_जपणारा

नागपाडा_कोर्ट, काळजात चर्र झालं. जॉर्डन ३ चे दोन जोड २०११ पासून बंद आहेत. आज रात्रीच बघतो.

पोटरी_ते_पाऊल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रानजाई, तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन आहेत, म्हणून उपायही वेगळे.

टाच सोलणे. कपसोल नवा असताना चवड्यापाशी वाकत नाही. तुम्ही पाऊल उचलता, पाय वाकतो, बूट वाकत नाही, मग टाच आत वरखाली सरकते आणि कातडं घासतं. घरात रोज अर्धा तास, जाड सुती मोजे घालून फिरा. पंधरा दिवसांत चवड्याजवळ आडवी घडी पडेल, मग घासणं कमी होईल. वरची दोन भोकं लेसशिवाय सोडा म्हणजे घोटा मोकळा वाकेल, आणि तिसऱ्या भोकापाशी लेस घट्ट आवळा म्हणजे टाच जागेवर राहील.

चवड्याची आग. इथे सवयीने फार फरक पडणार नाही. मऊ सुखतळा घालता येतो, पण एक धोका आहे. जाड सुखतळ्याने पाय वर उचलला जातो, मग बोटांची जागा कमी होते आणि टाच मागच्या कडेच्या वर येते. म्हणजे एक दुखणं काढून दोन घ्यायची. सुखतळा बदलायचा तर आधीचा काढूनच, त्यावर दुसरा ठेवून नाही. काही बुटांत तो चिकटवलेला असतो, जपून सोडवा.

नख काळं होणं. हे बूट आखूड किंवा अरुंद असल्याचं लक्षण. हे सैल होण्याची वाट बघू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर असा बूट पुन्हा पायात घालूच नये.

उंच घोट्याबद्दल अनेकांची समजूत असते की त्याने पाय मुरगळत नाही. १९९३ साली अमेरिकेत कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ जणांवर याचा अभ्यास झाला होता. उंच आणि आखूड बुटांत घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. तेव्हा उंच बूट आवडतो म्हणून घ्या, संरक्षणासाठी घेऊ नका.

सह्यकडा

जॉर्डनचा पाय १९८५ मध्ये मोडला होता तोही याच बुटांमुळे का?

पोटरी_ते_पाऊल

तसं म्हणायला आधार नाही. त्या ऑक्टोबरात, हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात, त्याच्या डाव्या पावलातलं एक हाड मोडलं आणि तो ६४ सामने बाहेर होता. पण उंच उडीनंतर खाली येताना पावलावर येणारा भार कोणत्याही बुटात प्रचंडच असतो. खापर बुटावर फोडणं योग्य होणार नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही.

शिवणयंत्र, हो, कडेने टाके आहेत. आणि तुमचा मापाचा प्रश्न नेमका निघाला. मी बायकांच्या मापात साडेआठ घालते. हा नमुना पुरुषांच्या मापात येतो, म्हणून मुलाने दोन वजा करून साडेसहा घेतले.

शिवणयंत्र

इथेच चूक झाली! अमेरिकी मापात बायकांच्या आकड्यातून दीड वजा करायचा. साडेआठचे सात होतात. म्हणजे तुमचे बूट अर्ध्या मापाने लहान आहेत. खोकी_जपणारा यांनी वर सांगितलेला सामना पुन्हा वाचा, तिथेही अर्धंच माप होतं.

पुरुषांचा लास्ट साधारणपणे बायकांच्या लास्टपेक्षा रुंद असतो, त्यामुळे सात माप करंगळीलाही मोकळं पडेल. संध्याकाळी माप घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहून अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी रुंदी मोकळी राहिली पाहिजे.

भीमथडी

शिवणयंत्र, लेदर पायाचं होतं हे तुम्ही सांगितलंत, तेवढा आक्षेप मागे. पण ताईंना आता नवा जोड घ्यावा लागणार, म्हणजे आणखी १८० डॉलर. चालायला वेगळे बूट आहेतच. मग या दुसऱ्या जोडाने नक्की काय मिळणार? मी हे खरोखर समजून घ्यायला विचारतोय.

रानजाई

काका, प्रश्न योग्य आहे, मीही स्वतःला विचारला.

सांगलीला आमच्या संघात पाच जणींत मिळून दोन चांगले जोड होते. मापं जुळतील तशा आम्ही ते आळीपाळीने घालायचो. एकीचे माझ्या पायाला लहान पडायचे, तरी मी घालायचे, कारण त्यांची पकड बरी होती. म्हणजे पाय दुखून खेळणं मला नवीन नाही. नवीन आहे ते हे, की कुणीतरी माझ्यासाठी, माझं माप विचारात घेऊन (चुकलं असलं तरी) बूट आणले. ते मला पायात हवेत. दहा किलोमीटर नाही, पण पायात.

आणि दिसण्याची हौस मला आहे हे मी आता कबूल करते. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला लाल-पांढरे बूट शोभतात का हा विचार मी खरेदीच्या आधी खूप केला असता. मुलाने तो करूच दिला नाही. आरशात मला ते फार आवडले.

कुंदकळी

रानजाई, मी एक्केचाळीसची, पिवळे सुएडचे घेतलेत, १९७३ च्या, बास्केटबॉलपटू वॉल्ट फ्रेझरच्या बुटाच्या धर्तीचे. ऑफिसात साडीवर घालते. सुएड पहिल्या दिवसापासून मऊ असतं, चावत नाही. फक्त पावसाळ्यात चार महिने माळ्यावर.

नागपाडा_कोर्ट

कुंदकळी, माळ्यावर बंद खोक्यात नको! कागद भरून, हवा लागेल अशा जागी ठेवा.

भीमथडी

रानजाई, उत्तर वाचलं. घ्या तो जोड. आमच्या वडिलांनी एसटीत नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात कोल्हापुरी घेतली होती, करकर वाजणारी. ती घालून ते फक्त देवळात आणि लग्नाला जायचे. मी हे विसरलो होतो.

खोकी_जपणारा

जॉर्डन ३ बाहेर काढले. एका जोडीला अंगठ्याने दाबलं तर कडेचा तुकडा हातात आला. दुसरा शाबूत आहे, उद्यापासून रोज ऑफिसला घालणार. नागपाडा_कोर्ट, तुम्ही लिहिलं नसतं तर तोही गेला असता.

रच्याकने, ज्यांना जुनं रूप हवं पण दिवसभर उभं राहायचं आहे त्यांनी दुकानात न्यू बॅलन्स ५५० आणि एअर फोर्स १ घालून बघा. ५५० हा १९८९ चा बूट, विस्मृतीत गेला होता, २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या एमे लिऑन डोर या कपड्यांच्या ब्रँडने परत आणला. माझ्या पायाला या दोन्हींत दिवस निघतो. जॉर्डन १ मध्ये मी तीन-चार तासांपलीकडे जात नाही, आणि ते तास मला पुरतात.

शिवणयंत्र

अनुमोदन. किती तास आणि कशावर उभं राहायचंय हे ठरवून घेतलं की निम्मी भांडणं मिटतात.

रानजाई

तीन आठवड्यांनी परत आले.

मुलाला सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, मग आम्ही दोघं संध्याकाळी दुकानात गेलो आणि माप घेतलं. सात. नवा जोड माझ्या पैशांनी घेतला. साडेसहाचे भाचीला झाले, ती नववीत आहे आणि शाळेच्या संघात. तिला बजावलंय की कोर्टवर घालायचे नाहीत.

रोज अर्धा तास स्वयंपाकघरात घालून वावरते. चवड्याजवळ आडवी घडी पडायला लागली आहे. टाच आता लागत नाही. चवडा दोन तासांनी बोलायला लागतो, तेव्हा काढते. उद्या मुलाच्या कॉलेजचा सामना आहे. गाडी लांब लावावी लागते, म्हणून तिथपर्यंत चालायचे बूट आणि आत गेल्यावर हे. वरची दोन भोकं मोकळी सोडून लेस ओवून ठेवली आहे.

नागपाडा_कोर्ट

ताई, फोटो टाका. आणि स्कोअरही.